दाराची बाहेरची कडी

माझ्या घरात हे कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या बाईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर आजवर चुकीचंच ओळखत होतात.

परवा आमच्या बिल्डिंगमधल्या आयांच्या ग्रुपवर वाद पेटला. एका अ‍ॅनिमेशन मालिकेचा नवा सीझन आलाय. अंतराळातलं जहाज, मोठी माणसं नाहीशी झालेली, मागे राहिलेली मुलं, अंधार, यंत्रमानव. एकीचा आठ वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसलाय. दाखवावी की नाही? दोन दिवस नुसता धुरळा. कुणी म्हणतंय विज्ञान आहे, चांगलंच आहे. कुणी म्हणतंय मुलांवर हे असले संस्कार नकोत. मालिका मात्र एकीनंही पाहिलेली नाही. मग कुणीतरी लिहिलं, "उज्ज्वलाकाकूंना विचारा ना. एवढी वर्षं पाळणाघर चालवलंय त्यांनी. त्या म्हणतील ते फायनल."

ते वाचून माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, आधी राग त्यांचाच आला. अगं बायांनो, पोराला शेजारी घेऊन अर्धा तास स्वतः बसा, बघा, ठरवा. काकूंना काय विचारता? काकू कोण लागून गेल्या? — आणि मग तो राग वळला, जिथे वळायला हवा होता तिथे. कारण मालिका तीच आहे. तिच्याबद्दलचा निकाल मी सात-आठ वर्षांपूर्वीच दिलाय. अख्ख्या गल्लीनं तो मानला होता.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आमचं घर शेवटच्या मजल्यावर आणि त्याच्या वर लगेच गच्ची. पुढची खोली पाळणाघराला दिलेली. सकाळी आया मुलं सोडून जायच्या, रात्री सात-आठला घ्यायला यायच्या. दमून यायच्या बिचाऱ्या, आणि माझ्याकडे बघून त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मुलाला कुठली शाळा घ्यावी, ताप आला तर कुठला डॉक्टर, जावेशी कसं बोलावं — सगळं मला विचारायच्या. मला आवडायचं ते. फार आवडायचं. लोकांचा विश्वास हा माझा मोठा अलंकार होता, आणि मी तो मिरवत होते.

त्या आयांमध्ये एक वैशाली होती. ठाकुर्लीला राहायची, ठाण्याच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये कामाला. नवरा वापीला नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी. मुलगी एकच, यशोधरा. नऊ वर्षांची. आम्ही तिला यशू म्हणायचो. मोठी मुलं माझ्याकडे फारशी नसत, त्यामुळे यशूच सगळ्यांची ताई. लहानांना भरवायची, भांडणं सोडवायची. वैशालीनंच एकदा माझ्या टीव्हीवर स्वतःचं खातं लावून दिलं होतं. म्हणाली, "काकू, मुलांना गोष्टी बघता येतील छान छान. पैसे काही लागणार नाहीत तुम्हाला." नुसता चांगुलपणा, दुसरं काही नाही.

आता त्या दुपारी काय झालं ते सांगते. म्हणजे आधी ते सांगते, जे मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

मे महिना. सुट्टी, त्यामुळे मुलं दिवसभर. जेवणं झाल्यावर मी टीव्ही लावून दिला आणि स्वयंपाकघरात आवराआवर करत होते. वैशालीच्या खात्यावर ही भयंकर मालिका होती, मुलांच्या हाती लागली. चार वर्षांचा ओजस घाबरला, उठून पळाला, उंबऱ्यावर आपटला. हनुवटी फुटली. टाके घालावे लागले. — झालं. एवढंच. ऐकायला किती खरं वाटतं, नाही?

यातलं मे महिना खरं. ओजसची हनुवटी खरी.

मालिका मुलांच्या हाती लागली नव्हती, मीच लावली होती. पडद्यावर नारंगी रंगाचा, गोल डोळ्यांचा एक यंत्रमानव दिसला आणि मी बटण दाबलं. कार्टून म्हणजे लहान मुलांचं, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की पुढे विचार म्हणून केला नाही. कोपऱ्यात वयाचा आकडा आला होता. चष्मा लावला नव्हता असं मी पुढे सांगितलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

आणि मला एकीनं सांगितलंही होतं. यशू उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, हे छोट्यांचं नाहीये. आई आणि मी मिळून बघतो. भीती वाटली की आई थांबवते, मग आम्ही बोलतो त्याच्यावर." नऊ वर्षांची पोर. काय दाखवावं, कुणाला, कसं — सगळं त्या दोन वाक्यांत होतं. आज ग्रुपवर या शिकलेल्या बाया दोन दिवस जे शोधतायत तेच. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "कार्टूनच आहे ना? मग बस गप. शहाणपणा नको." मला घाई होती.

कसली घाई? तर कुरडयांची. हसू नका. त्या उन्हाळ्यात मी तीन घरच्या कुरडया करून द्यायचं कबूल केलं होतं. आमची लता, माझी मदतनीस, भाच्याच्या लग्नाला गावी गेलेली. पाळणाघरात मी एकटी आहे हे मी एकाही आईला कळवलं नव्हतं. गव्हाचा चीक शिजवून तयार होता, आणि तो गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो, निवला की गेला. म्हणून मी पातेलं उचललं, गच्चीवर गेले. स्वयंपाकघरात नव्हते मी. घरातच नव्हते.

आणि जाताना — हे लिहिताना हात थांबतोय, पण थांबून काय करायचंय — जाताना दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. मुलं जिन्यात येऊ नयेत म्हणून. आत आठ-नऊ मुलं, मधल्या खोलीपलीकडे गॅस, आणि बाहेरून कडी. ही काही पहिलीच वेळ होती का? नाही. खाली वाण्याकडे जाताना लावायचेच मी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तुमचं मूल असतं तर?

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. प्लास्टिकवर कुरडया पडत होत्या, छान गोल पडत होत्या. खालून ओरडण्याचा आवाज आला. मला ऐकू आला. दारावर थापा पडत होत्या, त्याही ऐकू आल्या. मला वाटलं, भांडत असतील. नाही — वाटलं म्हणणंही खोटं आहे, मी तसं वाटून घेतलं. हातातला सोऱ्या भरलेला होता. तो रिकामा केला. मग खाली उतरले.

दार उघडलं तर टीव्ही बंद होता. यशूनं बंद केला होता. ती उंबऱ्यापाशी बसली होती, ओजस तिच्या मांडीवर, त्याच्या हनुवटीला तिनं टॉवेल दाबून धरला होता, आणि तिच्या फ्रॉकवर सगळं रक्त. बाकीची मुलं भिंतीला चिकटून. आणि ती त्यांना सांगत होती की ती जहाजातली मुलं पुढे सुटतात, मी बघितलंय, आईशप्पथ सुटतात. त्या भागात मुलं एका खोलीत अडकतात आणि दार बाहेरून बंद होतं, हे मला मग कळलं. ओजस ते बघून आमच्या दाराकडे पळाला. ते दारही उघडेना. चार वर्षांच्या जिवाला काय वाटलं असेल त्या क्षणी? त्या दिवसानंतर कितीतरी महिने तो बाथरूमचं दार लावू द्यायचा नाही. त्याच्या आईनंच सांगितलं मला. मी डोक्यावरून हात फिरवला त्याच्या.

त्या संध्याकाळी सगळ्या आया माझ्या पुढच्या खोलीत जमल्या. वैशाली तेवढी कामावरून यायची होती. ओजसची आई मानसी त्याला कडेवरून खाली ठेवत नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. तिनं विचारलं, नेमकं काय झालं काकू? तेव्हा सांगता आलं असतं. मी मालिकेचं नाव घेतलं. आणि तुम्हाला सांगते, इतकं सोपं गेलं ते! कुणी फोनवर मालिका शोधली, एक चित्र सापडलं, मग दुसरं. बघा, बघा, काय दाखवतात हे. हे मुलांसाठी? बंदी घातली पाहिजे असल्या गोष्टींवर. एकेकीचा आवाज चढत गेला. ओजस पडला तेव्हा काकू कुठे होत्या, हे कुणी विचारेना. सगळ्या मालिकेवर तुटून पडलेल्या, आणि त्या गोंगाटाच्या आड मी उभी. सगळ्यात जास्त मीच चिडले होते. मूल्यं काय, बालमन काय, मी बोलत सुटले. त्या मालिकेचं एक मिनिटही मी पाहिलेलं नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, पण ही मालिका आली कुठून? मी म्हटलं, वैशालीच्या खात्यावरून. आणि वर म्हटलं, "त्यांच्याकडे बघत असतील बाई असलं काहीही."

बस, एवढंच. जातीचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही. दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली, आणि मला कळलं की मी सुटले. वैशाली दर बुद्धपौर्णिमेला डबा भरून खीर आणायची सगळ्यांसाठी. मी मुलांना वाटायचे. स्वतः कधी चमचाभरही घेतली नाही, उपास आहे म्हणायचे. पौर्णिमेचा उपास मी आयुष्यात कधी केलेला नाही. ती समजायची की नाही, कोण जाणे. डबा मात्र दर वर्षी आणायची. त्या संध्याकाळी बोललेलं ते वाक्य काही अचानक तोंडातून निसटलं नव्हतं, ते माझ्यात आधीपासून होतं.

वैशाली आली. सगळं ऐकून घेतलं तिनं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मालिका माझ्या खात्यावर होती हे खरंय. ती चार वर्षांच्या मुलांची नाही हेपण खरंय. ओजसबद्दल मला खूप वाईट वाटतंय. पण काकू, यशूनं मला फोनवर सांगितलं, दार बाहेरून बंद होतं म्हणून."

पाळणाघर बंद होणार, नाव जाणार, ज्या आया माझ्या तोंडाकडे बघून जगतात त्या तोंडावर थुंकणार — हे सगळं एका क्षणात दिसलं. आणि त्याच क्षणी सुचलंही. किती चटकन सुचावं माणसाला! मी म्हटलं, "अगं, त्या मालिकेत मुलं कोंडलेली असतात ना? तेच बसलंय तिच्या डोक्यात. म्हणून तर म्हणते, असलं दाखवू नये. मुलांना खरं-खोटं कळेनासं होतं."

यशू आईचा हात धरून उभी होती. म्हणाली, "नाही. आपलं दार बंद होतं. मी खूप वाजवलं." स्पष्ट म्हणाली. मग मी — मी गुडघ्यावर बसले तिच्यासमोर, तिचे दोन्ही खांदे धरले आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "बाळा, नीट आठव. ती मालिकेतली खोली ना? आपलं दार उघडंच होतं. घाबरलं की असं होतं गं." बाकीची मुलं लहान. एकाला विचारलं तर तो म्हणाला, हो, जहाजाचं दार बंद होतं. झालं, पुरावा मिळाला. सगळ्या आया तिच्याकडे बघत होत्या, रागानं नाही, कीव आल्यासारखं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. आणि तिला दिसत होतं की मलाही ठाऊक आहे. शेवटी ती बारीक आवाजात म्हणाली, "असेल."

मुलांना काय दाखवू नये म्हणून गळे काढतो ना आपण? त्या खोलीत त्या दिवशी एका मुलीला जे दाखवलं, ते कुठल्या वयाला योग्य?

वैशालीनं यशूची पिशवी घेतली आणि निघाली. इथवर थांबले असते तरी — पण नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या दोन पाळणाघरवाल्यांना फोन केले. आम्ही एकमेकींना ओळखतो, एकमेकींना सावध करतो. सांगितलं, त्या मुलीला घेताना विचार करा, मनानं गोष्टी रचते. दोघींनीही तिला जागा दिली नाही. मला भीती होती, की दुसऱ्या घरी जाऊन ती कडीबद्दल बोलेल. महिन्याभरात वैशालीनं ठाकुर्लीची खोली सोडली, कल्याणपलीकडे मोहन्याला आईकडे गेली. आई आजारी, तिच्या भरवशावर मुलगी ठेवून ठाण्याच्या पाळ्या जमेनात. हॉस्पिटलची नोकरी सुटली. तिकडेच कुठल्या छोट्या लॅबमध्ये निम्म्या पगारावर लागली, असं मानसीकडून कळलं. मानसी म्हणाली, "वाईट वाटतं हो काकू, पण मुलीकडे लक्ष द्यायला हवं होतं तिनं." मी म्हटलं, हो ना.

आणि पाळणाघर? जोरात चाललं. उलट वाढलं. काकू किती काळजी घेतात, काय बघावं काय नाही यावर किती बारीक लक्ष, म्हणून लांबून लोक यायला लागले. कडी मी काढून टाकली, सुताराला बोलावून, त्याच आठवड्यात. तुम्हाला वाटेल पश्चात्तापानं. छे. कुणी बघायला आलं तर दिसू नये म्हणून.

ती मालिका मी नंतर पाहिली. पाळणाघर बंद केल्यावर, एकटीनं, सगळे भाग. भयाण आहे, खोटं नाही. चार वर्षांच्या मुलाला दाखवण्यासारखी मुळीच नाही. दहा-अकराच्या पुढच्या मुलाला, शेजारी कुणी बसणारं असेल तर दाखवावी. मध्ये थांबवून बोलणारं कुणीतरी हवं. म्हणजे यशूनं मला जे सांगितलं होतं तेच, शब्दशः. त्यात दुष्ट यंत्रं आहेत, मरणं आहेत. पण तिथे मुलांचं म्हणणं तरी कुणी खोटं पाडत नाही. मी प्रत्येक भागात वाट बघत होते की आता तरी कुणी तसं वागेल. कुणी वागलं नाही.

आता शेवटचं. यासाठीच हे लिहायला बसले, बाकीचं कदाचित तसंच गिळून टाकलं असतं.

गेल्या महिन्यात ठाण्याला मुलीकडे गेले होते. टेंभी नाक्याजवळ रिक्षासाठी उभी होते, तर एक उंच मुलगी समोर येऊन थांबली. पाठीला सॅक, केस बारीक कापलेले. "काकू? ओळखलं का? यशू." अकरावीला आहे. ठाण्याच्या कॉलेजात, मोहन्याहून येऊन-जाऊन करते. आई बरी आहे म्हणाली. माझी तब्येत विचारली. पाया पडायला वाकली, मी अर्ध्यातच धरलं. मला पळून जावंसं वाटत होतं.

मग ती जरा घुटमळली. सॅकचा पट्टा ओढत म्हणाली, "काकू, एक सांगायचं होतं. लहानपणी मी तुमच्याबद्दल खोटं बोललेली ना, दार बंद होतं म्हणून. मालिकेतलंच डोक्यात बसलेलं माझ्या. आईनं माझ्यावरच विश्वास ठेवला, म्हणून एवढं सगळं झालं आमचं. तिची नोकरी वगैरे. मला अजून कधीकधी ते दार आठवतं, अगदी खरं झाल्यासारखं, पण मग मी स्वतःला सांगते की नाही. सॉरी, काकू."

रस्त्यावर माणसं जात होती. ती माझ्याकडे बघत उभी होती, अगदी त्या संध्याकाळसारखी, खालमानेनं नाही, सरळ. एक वाक्य पुरे होतं. चार शब्द. माझं पाळणाघर कधीच बंद झालंय, माझं काहीही जाणार नव्हतं. तिथे कुणी आया नव्हत्या, मानसी नव्हती. ती आणि मी, दोघीच.

मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं बाळा. लहान होतीस. मी केव्हाच विसरले."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. थँक्यू म्हणाली. माझ्यासाठी रिक्षा थांबवली, पिशवी आत ठेवून दिली, आणि रिक्षा सुटेपर्यंत उभी राहिली.